आजोबा ‘येतो’ म्हणाले

ॲरिझोनातल्या त्या अरुंद घळीत शिरलो तेव्हा माझं सगळं लक्ष उजेडावर होतं. दुपारच्या सुमारास वरच्या फटीतून ऊन थेट तळापर्यंत उतरतं. तो फोटो मला हवा होता. त्यासाठी मी भारतातून आलेल्या बाबांना आणि आठ वर्षांच्या लेकीला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या आमच्या घरून, अल्फारेटाहून, अक्षरशः फरफटत आणलं होतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी तांबड्या भिंतींचे वळसे टिपत होतो आणि ते त्यांच्यावरून हात फिरवत पाणी कुठवर चढलं असेल ते बघत होते. डोक्याच्या बऱ्याच वर एक ओंडका आडवा अडकला होता.

“हा पुरानं आणून टाकलाय,” ते म्हणाले. “पाण्याच्या वाटेत फार थांबू नये.”

“बाबा, आभाळ स्वच्छ आहे. दोन मिनिटं थांबा ना!” मी खेकसलो.

तेवढ्यात पुढच्या वळणावर ऊन उतरलं. मी गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याला डोळा लावला. मागे बाबा नातीशी काहीतरी बोलले. बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं, “आजोबा कुठेत?”

“ही सेड ही इज कमिंग.”

म्हणून मी निवांत फोटो काढत राहिलो. गाइड निघा म्हणायला आला तरी बाबांचा पत्ता नाही. आता मात्र माझी पाचावर धारण बसली. मी हाका मारल्या. त्यांचा दुखरा गुडघा आठवला, तो ओंडका आठवला.

“एक्झॅक्टली काय म्हणाले?” मी लेकीवर ओरडलो.

ती रडवेली झाली. “येतो.”

मी कपाळावर हात मारला. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

आल्या वाटेनं आम्ही धावत बाहेर गेलो. बाबा सावलीत बसून पाणी पीत होते.

“सांगून आलो की मी,” ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली.

फोटो छान आलाय. अजून भिंतीवर लावलेला नाही.

महिन्याभरानं बाबा परत निघाले. आता एवढा प्रवास पुन्हा झेपणार नाही, असं आदल्या दिवशीच ते मला म्हणाले होते. एअरपोर्टवर त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. “येतो हं.”

ते आत गेल्यावर तिनं मला विचारलं, “धिस टाइम ही इज कमिंग, ऑर गोइंग?”