खंडेनवमीचा सातवा फोटो

खंडेनवमीच्या दुपारी सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या फेसबुक पेजवर पूजेचे अकरा फोटो गेले. ते मी टाकले. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तिथे ऑफिसचे काम पाहत होतो.

त्या दिवशी माग बंद असतात. यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात. आमच्याकडे हाती आलेल्या नव्या ऑर्डरचा पहिला नमुनाही मागावर पसरून पुजत. नमुन्याला ऑर्डरचा कागद टाचलेला असे, त्यालाही हळदकुंकू लागे. फोटोपुरता तो काढून ठेवावा, असे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

दिवाळीआधी परदेशी खरेदीदाराचा ईमेल आला. तेच डिझाइन दुसऱ्या एका कारखान्याने त्यांना कमी दरात दाखवले होते. ऑर्डर थांबली.

डिझाइन काढणारे मास्तर तेलुगू विणकर घरातले, बावीस वर्षे तिथेच कामाला. मूळ फाइल फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर होती. मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. मी ईमेलची प्रत घेऊन बाजूला उभा होतो.

"फाइल तुमच्याकडंच होती की, मास्तर."

"व्हय मालक. पण मी साधा पेनड्राइव्हसुद्धा घरी नेत नाही."

"मग काय पाय फुटले काय तिला?"

चौकशी होईपर्यंत घरी थांबा, असे मास्तरांना सांगण्यात आले. ते बाहेर पडताना माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणाला, "मास्तर, गाडी कुठली घेताय? लाल का पांढरी?" दोघे-तिघे हसले.

चार दिवसांनी दिवाळीच्या शुभेच्छांसाठी जुने फोटो चाळताना सातवा फोटो मी मोठा करून पाहिला. नमुन्याची नक्षी स्पष्ट होती. कागदावरचे खरेदीदाराचे नाव, दर, माल पाठवायची मुदत, सगळे वाचता येत होते. फोटोखाली त्या दुसऱ्या कारखान्याच्या पेजवरून हार्दिक शुभेच्छा आल्या होत्या.

मी फोटो मालकांसमोर धरला.

"हा कुणी टाकला?"

"मी."

त्यांनी तो लगेच काढायला लावला आणि माझ्यासमोरच फोन केला. "मास्तर, चूक आमची झाली. उद्यापासून या."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. जॉबरने उठून खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. टेबलाच्या खणातला चष्मा घेतला, राजीनामा मालकांसमोर ठेवला आणि गेले. मालकांनी दोन दिवस त्या कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर सही केली.