विड्या वळणाऱ्या बायका वाचत नाहीत म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलंय. मी ज्या वाचनालयात काम करते, त्याच्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष आला: विड्या वळणाऱ्या बायकांना वाचनाची आवड नाही. वर मला हुकूम: त्यांच्या वस्तीत ठेवलेली आपली पुस्तकांची पेटी परत आणा.

दुपारी तडक वस्तीत गेले. अंगणात सगळ्याजणी विड्या वळत होत्या आणि लक्ष्मीअक्का मोठ्यानं कादंबरी वाचत होती. तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून देतात.

"सर्वेक्षणात तुम्ही वाचत नाही असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"वाचती अक्का. आमी ऐकतो की! खोटं कशाला सांगायचं?"

खरं बोलल्या म्हणून पेटी काढून घ्यायची? माझ्या हातून तरी होणार नाही. उलट उद्या आणखी कादंबऱ्या नेऊन ठेवणार.

तुम्हीच सांगा, बायकांना आवड नाही, की आम्हाला विचारता येत नाही?