अकरा गावांचं राज्य आणि एक मनू

"चंपा? माका चंपा म्हणतली? शिरा पडो तिच्या तोंडार! माझ्या आवशीन ठेवलेला नाव बदलूची सनद हिका कोणी दिल्यान गो?"

मनूने मिरची अशी मोडली की बिया उडून मसाला कांडून घ्यायला आलेल्या माझ्या तोंडावर आल्या. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, डंकाच्या दुकानाबाहेर पोत्यावर बसून ती मिरच्यांचे देठ खुडत होती. आत मिरच्या कांडणारा डंका धाडधाड आपटत होता, पण मनूचा आवाज त्याच्याही वर.

मनू आमच्या मालवणाकडची. खरं नाव मनकर्णिका. लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आली, नवरा गेला तेव्हा तिशीतली. मग गिरगाव चौपाटीसमोरच्या एका राजघराण्यात कामाला लागली ती बावीस वर्षं. स्वयंपाक तिचा, म्हाताऱ्यांचं पथ्यपाणी तिचं, आणि हल्ली जन्मलेल्या पोरीला तेल लावणंही तिचंच.

आता हे राजे म्हणजे केवढे, तर अकरा गावांचे. गावं केव्हाच गेली. पदव्या सरकारने एकाहत्तर साली मोडीत काढल्या. उरला सहाव्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. पण दारावरची पितळी पाटी हातभर लांब. श्रीमंत राजेसाहेब, श्रीमंत राणीसाहेब, खाली युवराज. पाटी चिंचेने घासायची ती मनूने. सोसायटीचे सेक्रेटरी बाप्टिस्ट मात्र बिल द्यायला आले की सरळ "सिक्स-झिरो-वन" अशी हाक मारायचे, तेव्हा मनू स्वयंपाकघरात पदर तोंडावर धरून हसायची.

तिने स्वतः हाक मारताना कधी चूक केली नाही. राणीसाहेबांना आईसाहेब, त्यांच्या सुनेला वहिनीसाहेब, राजेसाहेब, युवराज, ज्याला जे हवं ते म्हटलं. "म्हटल्यान माझा काय जाता? माणसाक गोड वाटता, म्हटलंय."

मागल्या आठवड्यात नातीचं बारसं झालं. पणजीचं नाव ठेवलं, मनकर्णिकाराजे. लाडाने मनू. आमच्या मनूला उगाच मजा वाटली. ती पाळण्याची दोरी धरून बसली होती. पेढे फिरले, तसं आईसाहेबांनी पाहुण्यांसमोरच सांगितलं, "आणि हो, आजपासून तुला आम्ही चंपा म्हणणार."

"कित्याक?"

"राजकन्येचं नाव कामवालीला कसं चालेल? आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. आपल्या कुशाबाचं नव्हतं का केलं?"

कुशाबाचं नाव काढलं तिथेच आईसाहेब चुकल्या.

कुशाबा त्यांचा ड्रायव्हर, मनूच्याही आधीपासूनचा. वीस वर्षं तो आणि मनू एकाच ओट्यावर चहा प्यायले. दोन वर्षांमागे तो छातीत दुखून परळच्या एका इस्पितळात पडला. आईसाहेबांनी मनूला पेजेचा डबा देऊन धाडलं. खिडकीवरच्या बाईने रजिस्टर चाळून सांगितलं, कुशाबा नावाचा पेशंटच नाही. मनू दुसऱ्या खिडकीवर गेली, तिसऱ्या मजल्यावर गेली. वॉचमन आत सोडेना. डबा तसाच परत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गावाहून त्याची बायको आली आणि "दौलत खय ठेवल्यानी माझो?" म्हणून रडायला लागली. तेव्हा कळलं, त्याचं नाव दौलत. राजेसाहेबांचं नाव दौलतराव, म्हणून नोकरीच्या पहिल्याच दिवशी याचं पुसून कुशाबा ठेवलं होतं. तो त्या पहाटेच गेला होता.

"दोन दिवस मी तेच्या खाटल्याखालच्या मजल्यार फिरलंय गो," मनू देठ खुडता खुडता म्हणाली. "पेज घेवन. वीस वर्सा वांगडा चाय पिलंय नि माका तेचा नाव ठावक नाय! माका म्हणजे, माका!" तिने देठांची मूठ गटारात भिरकावली.

"मग बारशात तू काय म्हणालीस?"

"म्हटलंय, आईसायबानू, झाशीच्या राणयेक पण ल्हानपणी मनूच म्हणीत. तिचा काय वाकडा झाला? दोन मनू रवांदेत घरात. एक हाक मारा, दोघीय धावतलव."

कुणीतरी पाहुणी फिसकन हसली. तेवढ्याने आईसाहेब पेटल्या. "तोंड सांभाळ, चंपा."

"कोण चंपा? हय कोण चंपा नाय." मनूने पाळण्याची दोरी आईसाहेबांच्या हातात दिली आणि चपला घालून निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती इथे, पोत्यावर.

ती हे सांगत होती एवढ्यात तिचा फोन वाजला. तिखटाचे हात, म्हणून मीच बटण दाबून तिच्यासमोर धरला. वहिनीसाहेब होत्या. दादरची, बँकेत नोकरी करणारी पोरगी. माहेरचं नाव आरोही. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून तिची इंदुमतीराजे केली होती.

"मनूताई, या ना परत. बाळ सारखं रडतंय, तुमच्याच हातचं तेल लागतं तिला. आईसाहेब म्हणाल्या, झालं गेलं विसरू."

"नाव काय म्हणाल्यानी?"

पलीकडे वहिनीसाहेब बाळाला "ओ ओ" करायला लागल्या.

"चंपाच मा?"

"फक्त चारचौघांत हो. आपण दोघीच असलो की मी मनूताईच म्हणेन."

"नि तुका गो? तुका घरात आरोही कोण म्हणता?"

आता बाळाबरोबर वहिनीसाहेबही रडत होत्या ते फोनमधून ऐकू येत होतं. नाक ओढत त्या म्हणाल्या, "कोणी नाही. आई म्हणते, फोनवर."

"तुझ्या घोवाक पण जमणा नाय?"

"ते… सवय नाही त्यांना."

"मगे पयला ता म्हणूक लाव. तुझा नाव घरात इला की माका फोन कर, मी दुसऱ्या दिवशी येतंय. तवसर खोबरेल वायच कोमट करून लाव, टाळयेर जास्त. पाय ओढू नको. रडला तर रडांदे."

"मनूताई…"

"हां, हीच हाक मारूची. बंद कर गो तो."

मी फोन बंद केला. मनूने मनगटाने नाक पुसलं. मिरच्या होत्याच म्हणा. आतून डंकावाला ओरडला, "मनूबाय, बेडगी झाली का? लोक खोळंबलेत!"

"येतंय रे, बोंबलू नको!" तिने देठ काढलेल्या मिरच्यांची पाटी आत सरकवली, संकेश्वरीचं पोतं पुढे ओढलं आणि सुतळी सोडता सोडता मला म्हणाली, "तोंडार फडको बांध, हिचो ठसको लय उठता."