पाठ गरम, पाय गार

चऱ्होलीच्या अंबुबाईंनी आजवर पाचेकशे पोरं न्हाऊ घातली असतील. शेतावर टॉवर उभे राहिले, दारात गाडी आली, तरी बाई पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये बाळं न्हाऊ घालायला येतातच. बोलायला महाफटकळ. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स, तरी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मिनलच्या घरी मलाच ऐकवायच्या, "सिस्टर, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठिवा."

डिसेंबरात एकदा ड्यूटीवर जाताना डोकावले. धुरीनं फ्लॅटभर धूर कोंडतो म्हणून खिडक्या सताड उघड्या, आणि मिनलचं चार दिवसांचं बाळ अंबुबाईंच्या पायांवर ओलंच, उघडं!

"मावशी, गारठा केवढाय!"

"कुडकुडतंय का? न्हाई ना? पाठीला हात लावून बघा, कशी ऊन हाय!"

मी बाळाचे पाय धरले. बर्फ! बाळ रडतही नव्हतं, ओठ निळसर पडलेले.

"अहो, एवढुशी बाळं कुडकुडत नसतातच!" मी किंचाळलेच. बाळ ओढून घेतलं, पुसलं, टोपी घातली, मिनलच्या उघड्या छातीशी लावलं, वर दोन गोधड्या टाकल्या. तोंड मात्र थांबेना. "खांद्यांच्या मधे त्यांना वेगळी, तपकिरी चरबी असते. ती जाळून बाळ ऊब धरतं. पाठ गरम लागते, कारण आत चूल पेटलेली असते! सरपण संपलं की बाळ गप होतं. आणि सगळे म्हणतात, गुणी आहे!"

मिनलचा नवरा खिडक्या लावून डॉक्टरांकडे न्यायला गाडी मागवायला धावला. गाडी यायच्या आतच, वीस मिनिटांत बाळानं पाय झाडले आणि असा टाहो फोडला, की मलाच रडू फुटलं.

आता बाईंना चांगलं झापावं म्हणून वळले. त्या पाय पसरून तशाच पाटावर बसलेल्या.

"सिस्टर, गप व्हतं म्हनला?"

"हो. गारठून."

"माझा पयला पाचव्या दिशी असाच गप झाला. सासूबाई म्हनल्या, लय गुणी पोर हाय, तरास देत न्हाई. पाठ गरम व्हती वो त्याची. मी सोता हात लावून बघितलं व्हतं. दुसऱ्या दिशी गेला."



"जावंची नजर लागली म्हनले मी. पन्नास वर्सं झाली, तिच्या घरचं पानी न्हाई प्याले."