सुपातली रिकामी जागा

आमच्या पोर्चच्या छतात, मधल्या बिममध्ये, जाड सळईचे दोन हूक आहेत. अमरावतीत घर बांधताना बाबांनी मिस्त्रीच्या मागे लागून ते घालून घेतले होते. कधीतरी जीपचं इंजिन उतरवावं लागेल, तेव्हा घरच्या घरी उतरवता यावं म्हणून. आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात आईने त्या हुकांना बंगई टांगली. पुढची वीस-बावीस वर्षं हूक बंगईचेच राहिले. बाबा अधूनमधून आठवण करून द्यायचे, "हे हूक इंजिनचे हायेत." आई झोका न थांबवता म्हणायची, "मंग आना इंजिन, बसवा माया बाजूले."

बाबांनी तीसेक वर्षं अमरावती ते धारणी पॅसेंजर जीप चालवली. पुढे शुगर झाली, घाटातून गाडी नेणं बंद झालं आणि जीप पोर्चमध्ये येऊन बसली. कधीमधी आईला घेऊन बाजारात जायची तेवढीच. मग ती धूर ओकायला लागली आणि एके दिवशी सुरूच होईना. मी राजापेठेत अकरावी-बारावीच्या क्लासला फिजिक्स शिकवतो. जीपमुळे माझी मोटरसायकल रस्त्यावर उभी असते, तिची सीट दोनदा कोणीतरी फाडलेली, आणि मी मुळात तापट. एका रविवारी बोलून गेलो, "उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "शिलिंडर घासून बोअरिंग केलं का चालू होते थे. इंजिन मी उतरोतो. अकोल्याले घेऊन जातो."

"कोण उतरवणार? तुम्ही?"

"मंग कोण? तुया फळ्यावरची कप्पी?"

मी चिडून अट घातली. मेकॅनिक न बोलावता, स्वतःच्या हाताने इंजिन उतरवलं तर जीप विकायचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही उतरलं तर जीप जाणार. बाबा "ठरलं" म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असली अट घालताना मला लाज वाटायला हवी होती. ती दोन दिवसांनी वाटली, पण तोवर बाबा ओळखीच्या गॅरेजमधून इंजिन उचलायची चेन-कुप्पी घेऊन आले होते.

पुढच्या रविवारी सकाळी बंगई उतरली. तिच्या साखळ्या आईने स्वतः पुसून ठेवल्या. दोन हुकांतून लोखंडी पाइप आडवा गेला, पाइपाला चेन-कुप्पी, आणि खाली ढकलत आणलेली, बॉनेट काढलेली जीप. बाबांनी जुना खाकी शर्ट चढवला होता. कामाची वाटणी ठरलेली होती. बाबा खोलणार, मी हात देणार आणि आई बोल्ट सांभाळणार.

ही आईची पद्धत जुनी आहे. मी लहान असताना बाबा जीपचं काहीही खोलायला बसले की आई धान्य पाखडायचं सूप घेऊन शेजारी बसायची. बाबा बोल्ट देतील तो चिंधीने पुसायची आणि सुपात ठेवायची, पण कसाही नाही. गाडीत जो जिथे होता, सुपातही तो तिथेच. वरचा वर, डावीकडचा डावीकडे. परत बसवताना बाबांनी नुसता हात पुढे करायचा आणि हातात बरोबर तोच बोल्ट पडायचा. आईला गाडीतलं एकही नाव येत नाही, पण आमच्या जीपचे बोल्ट तिला नातेवाइकांसारखे पाठ आहेत.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. रेडिएटर निघाला, पाइप निघाले, वायरींना बाबांनी रंगीत दोरे बांधले. मधे चहा झाला. स्टीलचा पेला इतका तापलेला होता की मी तो रुमालात धरला. बाबांनी तसाच मुठीत धरला. ड्रायव्हर माणूस, हात निबर झाले असतील, असं मला वाटलं.

मग राहिले इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट. त्यातला सगळ्यात वरचा, मागच्या बाजूचा, डोळ्यांना दिसतच नाही. तिथे हात घालायचा आणि बोटांनी शोधायचा. बाबा खांद्यापर्यंत आत वाकले. बराच वेळ त्यांचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे मिटलेले. पाना आत कुठेतरी खणखणत होता. शेवटी हात बाहेर आला. त्यात पाना होता, बोल्ट नव्हता.

"झाला," बाबा म्हणाले.

मी पाहिलं, हात रिकामा होता. आईने सुपाकडे पाहिलं. सगळे बोल्ट आपापल्या जागी होते, फक्त सगळ्यात वर एक जागा रिकामी होती. मी मनाशी म्हटलं, पडला असेल आत कुठेतरी. आईने नंतर सांगितलं की तिला वाटलं, खिशात टाकला असेल. दोघंही खोटं बोलत होतो, स्वतःशीच. माणूस तीस-चाळीस वर्षं एक काम करतो, तो "झाला" म्हणतो, तेव्हा त्याला "दाखवा" कोण म्हणणार?

मी साखळी ओढायला लागलो. इंजिन बोटभर वर आलं. बाबा म्हणाले, "हळू." अजून ओढली. आणि मग इंजिनासोबत जीपही उठायला लागली. पुढचे स्प्रिंग ताणले गेले, चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली, डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती मागे कलली. वरचा पाइप कण्हल्यासारखा वाजला. मी हात थांबवला.

"चिपकलं असन," बाबा म्हणाले. "हातोडी दे."

त्यांनी दोन-तीन ठोके मारले. काही हललं नाही. चौथ्या ठोक्याला हातोडी निसटून खाली पडली आणि ती पडल्याचं त्यांना आवाजाने कळलं, हाताने नाही. मी ते पाहिलं. चहाचा पेलाही आठवला.

मी साखळी उलटी सोडली, जीप खाली टेकवली आणि आत हात घातला. वरचा बोल्ट सापडायला मला वेळ लागला, पण सापडला. घट्ट होता. जागचा हललेलासुद्धा नव्हता.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. एरवी मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. घर डोक्यावर घेतलं असतं. अटही मीच घातलेली होती आणि जिंकलोही मीच होतो. पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. शेवटी म्हणालो, "निघालाय बाबा, थोडे आटे अडकलेत."

"खोटं नोको बोलू," बाबा म्हणाले. "हाय ना अजून तेथीच?"

"हो."

ते पोर्चच्या पायरीवर बसले. दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "मले वाटलं निंगला आन् खाली पडला. शुगरनं बोटाले समजतच नाई आता बाबू. वर्ष झालं असन. तुया आईले बी नाई सांगतलं."

आई सूप मांडीवर घेऊन बसली होती. "मले नाई मालूम?" ती म्हणाली. "शर्टाच्या गुंड्या कोन लावून राहिलं वर्षभर?"

मी पाना उचलला. म्हटलं, "पाना कसा धरू ते सांगा."

बाबांनी बसल्या जागेवरून सांगायला सुरुवात केली. पाना आडवा घाल. मनगट मोडल्यावानी कर. आंगठ्यानं वरून दाब. आता बोल्टाले एक बाजू चेपल्यावानी लागन पाह्य, लागली का? मला खरंच ती चेपलेली बाजू लागली. जे त्यांच्या बोटांना आता कळत नव्हतं ते सगळं त्यांना पाठ होतं. मी वर्गात मुलांना बल आणि तरफ शिकवतो आणि एका बोल्टापुढे अर्धा तास घामाघूम झालो. निघाला तेव्हा तो मी बाबांना दिला. बाबांनी तो आईला दिला. तिने पुसून वरच्या जागी ठेवला.

मग इंजिन एकटंच वर आलं. आम्ही दोघांनी जीप मागे ढकलली, आईने स्टेअरिंग धरलं, आणि ते दोन क्विंटलचं धूड आमच्या पोर्चमध्ये, बंगईच्या जागी, लटकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत जुन्या टायरवर इंजिन बांधून आम्ही अकोल्याला गेलो. मोर्णा नदी ओलांडली की जुन्या शहरात बाबांच्या एका जुन्या दोस्ताचं खरादीचं, म्हणजे लेथ मशीनचं दुकान आहे. त्याने इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कोनं उतरोलं?"

मी म्हणालो, "बाबांनी." बाबा त्याच वेळी म्हणाले, "यानं." दोस्ताने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि चहा सांगितला.

इंजिन परत येईपर्यंत दहा-बारा दिवस गेले. मी हूक मोकळे करून बंगई परत टांगतो म्हटलं, तर आई नको म्हणाली, पुन्हा काढायचीच आहे. मी संध्याकाळी क्लासहून यायचो तर ती जीपमध्ये, पुढच्या डाव्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागी बसून मेथी निवडत असायची. बाबा शेजारी, स्टेअरिंगपाशी. पुढे बॉनेट नाही, इंजिन नाही, सरळ गेट दिसायचं. बाबा धारणीच्या रस्त्यावर असल्यासारखे तिला म्हणायचे, "सेमाडोह आलं, चहा घेतं का?" माझा त्या दोघांवर इतका जीव जडला त्या दिवसांत की मोटरसायकल मी मुकाट्याने रस्त्यावर लावत राहिलो.

इंजिन बसवलं त्या दिवशी पुन्हा सूप निघालं. या वेळी खोलणारा-लावणारा मी, सांगणारे बाबा. बोल्ट एकेक करून संपले. वरचा सगळ्यात शेवटी लावला. मी हात बाहेर काढला आणि म्हणालो, "झाला."

"हाव," बाबा म्हणाले. त्यांनी आत हात घालून पाहिलं नाही. सुपाकडेही पाहिलं नाही.

जीप तिसऱ्या खेपेला सुरू झाली. बाबांनी फडक्याने स्टेअरिंग पुसलं, ड्रायव्हरचं दार उघडलं, आणि मला म्हणाले, "बस." स्वतः पलीकडून जाऊन आईच्या जागी बसायला लागले. आई उभीच राहिली. "थे जागा माई हाय," ती म्हणाली. बाबा निमूटपणे उतरले, मागे गेले आणि पॅसेंजरच्या बाकावर, कोपऱ्यात बसले. त्या जीपमध्ये ते मागे कधीच बसले नव्हते.

मी गेटबाहेर गाडी काढली. गल्लीच्या वळणावर मागून बाबांचा आवाज आला.

"अठून तं रस्ताच दिसत नाई. एवढे लोक कसे काय बसत होते माया भरोशावर?"

मला मागे वळून बघवलं नाही. आईने न बघताच हात मागे केला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. मी दुसरा गिअर टाकला.