पप्पांचा थांबलेला घास

पक्षाघाताच्या झटक्यात पप्पांची वाचा गेली, तेव्हा मला देवाचा भयंकर राग आला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक शांत स्वभावाची असतात आणि मी तशी नाही. ज्या माणसानं आयुष्यभर देवाशी बोलण्याखेरीज दुसरी चैन केली नाही, त्याची नेमकी जीभच का घ्यावी, हे मला कळत नव्हतं. मी नांदेडला राहते, म्हणून त्यांना उदगीरहून इथल्या दवाखान्यात आणलं होतं. गिळायला त्रास नाही, असं डॉक्टर सांगत होते, तरी पप्पा जेवत नव्हते. ताट समोर आलं की मान खाली घालायचे आणि चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं सांगण्यात आलं. आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "त्यांना आता जगायचंच न्हाई बहुतेक."

पप्पा उदगीरच्या आसपासच्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. गावोगावचे लोक त्यांना गुरुजीच म्हणायचे. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. सकाळी आई चुलीपाशी अडकलेली असली की माझ्या वेण्या तेच घालायचे. भांग फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ आणि वेण्या इतक्या घट्ट की दिवसभर भुवया वर ओढलेल्या. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. पण त्यांची खरी ओळख म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना. ती घरातल्या कर्त्या माणसानं करायची, मोठ्यानं करायची आणि ती झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पप्पा त्या प्रार्थनेत वर्गातल्या कच्च्या मुलांनासुद्धा घेऊन यायचे. ज्ञानोबाला अपूर्णांक समजू दे, सलमाच्या आईचा ताप उतरू दे, असं चालायचं. भाजी निवायची. आई कोपरानं ढोसायची, "अहो, देवाला समदं ठाऊक असतंय, आटपा आता." मग पप्पा आटपायचे, पण ज्ञानोबाला सोडायचे नाहीत.

दवाखान्यात मात्र आई आणि मी ठरवून मुक्यानं प्रार्थना करत होतो. पप्पांच्या देखत आम्ही मोठ्यानं म्हटलं तर त्यांना आपली गेलेली वाचा आठवेल, आणि ते असताना त्यांची जागा आम्ही घेतल्यासारखं होईल, असं आम्हाला वाटलं. त्यांचं मन राखायचं म्हणून आम्ही डोळेही मिटत नव्हतो. नुसतं मनातल्या मनात आभार मानायचे आणि चमचा पुढे करायचा. त्यांनी ओठ मिटले की मी आतल्या आत देवाशी भांडायचे.

शेजारच्या खाटेवर अर्धापूरकडचे एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेले. केळीच्या बागेत घसरून पडले होते. त्यांची बायको त्यांना भरवायची; तिला आम्ही मावशी म्हणायचो. एके दिवशी दुपारी पप्पांचं आणि आजोबांचं जेवण एकाच वेळी आलं. मावशींनी वरणभात कालवला, ताटावर हात धरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पांडुरंगा, गोड करून घे रे बाबा." आणि आमच्या पप्पांनी, चर्चच्या मंडळीच्या इतक्या जुन्या सभासदानं, मान वर केली आणि तोंड उघडलं. माझ्या हातात चमचा तसाच राहिला.

मावशींनी ते पाहिलं. "माय, मी बघून राहिले, ताट आलं की हे मान खाली घालतेत," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यात जेवायच्या आधी कायी म्हणत न्हाईत का?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, आपण देवाचं नावच घेतलं न्हाई असं वाटलं त्यांना!" ती म्हणाली आणि प्रार्थना करायला गेली, पण तिला हुंदका आवरेना. मग मीच डोळे मिटले. शाळा सुटल्यापासून मी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. जीभ अडखळत होती. प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार, म्हणाले. शेजारच्या आजोबांचा पाय बरा कर, म्हणाले. पुढं काही सुचेना म्हणून थांबले, आणि पप्पांकडून वाकडातिकडा, ओढलेला, पण स्पष्ट आवाज आला, "आमेन."

डॉक्टर म्हणाले, या आजारात सवयीचे शब्द कधी कधी मागे उरतात. उरत असतील. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दुपारी पप्पा मऊ भात जेवले आणि नळी घालावी लागली नाही. मावशींचे आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, "मी काय केलं वं? गरम हाय तवर भरव."

पप्पा त्यानंतर घरी आले आणि बरेच महिने राहिले. दुसरा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्यांची वाचा परत दे, असा हट्ट मी देवापाशी धरून बसले होते, आणि पप्पा मात्र आमचा आवाज ऐकायला थांबले होते. माझा हट्ट प्रभूनं पुरवला नाही. तो सोडून द्यायला मला वेळ लागला, पण रोज ताटापाशी बसून प्रार्थना करता करता तो सुटला. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी ज्वारीची पेज घेतली. प्रार्थना मी केली, आमेन त्यांनी म्हटलं, आणि दुपारी झोपेतच ते गेले. लोक मला सांत्वनाचं पुष्कळ काही सांगतात. मी प्रभूचे आभार एवढ्यासाठीच मानते की माझे पप्पा उपाशी गेले नाहीत.