आत्याने परत केलेल्या सुरकुत्या

माझ्या आत्याने तीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या पुसल्या. आमच्या घरात कुणी डॉक्टर झालं नाही, कुणी वकील झालं नाही, पण आत्या होती, आणि मला विचाराल तर सगळ्या शहरात तिच्याइतकं उपयोगी माणूस दुसरं नव्हतं. हे मी भाची म्हणून सांगत नाही. भाची म्हणून सांगायचं तर ती तापट होती, भाजी करपवायची, आणि तिच्या पेन्सिलीला हात लावला की पाठीत धपाटा ठरलेला.

ती एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. फोटो मालक काढायचे, माणसं देखणी आत्या करायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी उतरत्या काचेचं तिचं टेबल होतं. काचेखाली आरसा, त्यावरून उजेड वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. डोळ्याला भिंग लावून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ती ठिपके देत बसायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. सुरकुती म्हणजे तिथे फिकट रेघ, ती ठिपक्यांनी भरली की फोटोत नाहीशी होते. पांढरे केस मात्र निगेटिव्हवर काळे उमटतात, ते सुरीच्या टोकाने खरवडायचे. पेन्सिल टर्पेंटाइनने कधीही पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही.

माझ्या वडिलांना हे काम पटायचं नाही. "ताई, ही शुद्ध फसवणूक आहे," ते म्हणायचे.

"आरशात लोक रोज खरं बघतातच की," आत्या म्हणायची. "वर्षातून एकदा बरं बघू दे."

वर्षातून एकदा न चुकता येणारं गिऱ्हाईक म्हणजे शिंपीकाका. स्वतः शिवलेला नवा कोट घालून यायचे आणि कॅमेऱ्यासमोर असे बसायचे, की वाटावं आता वरात निघणार. तरुणपणी कात्री लागून त्यांची डावी भुवई मधोमध दुभंगली होती. नाकापासून हनुवटीपर्यंत दोन खोल चऱ्या. "बाई, भुवई तेवढी सांधा," एवढं सांगून ते ऐटीत निघून जायचे. आत्या भुवई सांधायची, चऱ्या बुजवायची, केस काळे करायची. त्यांचा शेवटचा फोटो तर असा उतरला, की मालकांनी तो मोठा करून शोकेसमध्ये लावला. तो बघून लोक आत यायचे. आत्या रोज येता-जाता त्या काचेवरची धूळ स्वतःच्या पदराने पुसायची.

त्या फोटोनंतर सहा वर्षं गेली. मधल्या काळात काकांना विसर पडू लागला. आधी गिऱ्हाइकांची मापं, मग दुकानाचा रस्ता, मग स्वतःच्या मुलीचं नाव. एका थंडीच्या सकाळी ते दोरा आणायला म्हणून बाहेर पडले आणि परतले नाहीत. मोबाइलचा जमाना अजून यायचा होता. मुलीने घरातला फोटो दिला, पोलिसांनी पोस्टर छापलं आणि सगळीकडे पाठवलं.

तिसऱ्या दिवशी आत्या आणि मी स्टुडिओकडे निघालो होतो. कोपऱ्यावरच्या खांबावर ते पोस्टर होतं. दोन बायका ते वाचत होत्या. एक म्हणाली, "कुणाचं लग्न आहे गं?" मला फस्सकन हसू आलं. आत्या हसली नाही. ती खांबाला नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा माणूस कुठेच नाही," ती म्हणाली. "हा मी केलाय. सगळे मी केलेल्या माणसाला शोधतायत."

मी तिला समजवायला गेले. ती ऐकते कसली! तिथूनच ती तरातरा काकांच्या घरी गेली. मुलीचे डोळे रडून सुजले होते. दोन रात्री म्हातारा माणूस उघड्यावर, अंगात स्वेटर नाही. आत्याने एकच विचारलं, "दुसरा फोटो आहे?" मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. ओळीने सगळे काकांचे फोटो, सगळे आमच्याच स्टुडिओतले, आणि सगळ्यांत भुवई सांधलेली.

आत्याने तिला हाताला धरून स्टुडिओत आणलं आणि कपाटातून ती शोकेसवाली निगेटिव्ह काढली. मालक धावत आले.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला? अशी निगेटिव्ह पुन्हा होणार नाही!"

"काम माझं आहे," आत्या म्हणाली. "मी केलं, मीच पुसणार."

तिने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. चार दिवस खपून दिलेले ठिपके पाच मिनिटांत बोळ्यावर आले. डार्करूममध्ये कागद रसायनात हलला आणि लाल उजेडात हळूहळू काका वर आले. चऱ्या आल्या. भुवई दुभंगली.

पण केस खरवडलेले होते आणि मधली सहा वर्षं कुठल्याच निगेटिव्हवर नव्हती. फोटो वाळल्यावर आत्याने बारीक ब्रश आणि काळा-पांढरा रंग घेतला आणि मुलीला समोर बसवलं.

"दात?"

"वरचे तीन गेले."

"गाल बसलेत?"

"खूप. दाढी करायचंही विसरतात हो."

मुलगी सांगत गेली, आत्या काढत गेली. कोटाच्या कॉलरवर आली तेव्हा मुलगी म्हणाली, "एक बाजू नेहमी आत दुमडलेली असते आता." आत्याने तीही दुमडली. दोन तासांनी तिने फोटो फिरवून समोर धरला. मुलीने तोंडावर हात घेतला.

"बाबा," ती म्हणाली. मग हुंदका आवरून म्हणाली, "त्यांना हे अजिबात आवडणार नाही."

"नको आवडू दे. आधी घरी तर येऊ देत, मग भांडू."

संध्याकाळपर्यंत नवं पोस्टर छापून झालं. मालकांनीच, नाकं मुरडत का होईना, छापखान्यात उभं राहून ते करून घेतलं. सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडे आम्ही गठ्ठे दिले.

दुपारी फोन आला. चार तासांच्या अंतरावरच्या एका बसस्थानकाच्या कँटीनमधून. तिथे कपबश्या विसळणाऱ्या बाईने एका मुकाट बसणाऱ्या म्हाताऱ्याला तीन दिवस चहा-पाव दिला होता. जुनं पोस्टर त्याच्याच टेबलाच्या वर, भिंतीवर होतं. तो स्वतःच्याच फोटोखाली बसून पाव खात होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! ड्रायव्हरने शेजारी नवं पोस्टर चिकटवलं, बाईने हात पुसत वर बघितलं आणि ओरडली, "अहो, हे तर इथेच बसलेत!"

त्यानंतर आत्या नुसती रिटचिंगवाली राहिली नाही. पोलीसच तिच्याकडे माणसं पाठवायला लागले. कुणाच्या हरवलेल्या भावाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, कुणाच्या आईचा लग्नातला. आत्या त्यांत वर्षं भरायची. तिच्या हातून तेवीस माणसं घरी परतली. माझे वडील तिच्या कामाबद्दल पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत, उलट पाहुण्यांपुढे आमची ताई, आमची ताई करत मिरवू लागले.

पण मला आठवते ती आठवड्यानंतरची सकाळ. काका मुलीचा हात धरून स्टुडिओत आले. शोकेससमोर मुलीने विचारलं, "बाबा, हे कोण?"

काकांनी बराच वेळ निरखलं. "नट असेल कुणीतरी. कोट चांगलाय."

आत टेबलावर नवं पोस्टर होतं. ते बघून काका थांबले. त्यांनी एक बोट पोस्टरमधल्या भुवईवर ठेवलं, दुसऱ्या हाताचं स्वतःच्या. मुलीचं नाव ज्यांना आठवत नव्हतं, ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "हा मी."

आत्या रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

काका तिच्याकडे वळले आणि जरा नाराजीनेच म्हणाले, "बाई, केस तेवढे काळे करा."

आत्याने पदराने डोळे पुसले, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि त्यांच्यासमोरच पोस्टरमधला एकेक केस काळा केला. भुवईला मात्र तिने हात लावला नाही.